चावडीवरची साक्ष

गाडी उशिरा येणार असं कळलं की चुडावा स्टेशनावरची माणसं कपाळाला हात लावायची, फक्त आमच्या बाबांचा चेहरा उजळायचा. बाबा गावातल्या शाळेत मास्तर होते आणि चुडाव्यातलं एकुलतं एक ख्रिस्ती घर आमचं होतं. आपल्या प्रभूबद्दल चारचौघांत बोलणं, ज्याला आमच्यात साक्ष देणं म्हणतात, ते शाळेइतकंच आपलं काम आहे असं बाबा मानायचे. आणि साक्ष ऐकायला अडकून पडलेल्या प्रवाशांसारखी माणसं दुसरीकडं कुठं मिळणार? त्यांना उठून जायची सोय नसायची. रविवारची उपासना आणि जेवण आटोपलं की बाबा धुतलेला सदरा, काळी टोपी घालून मला बरोबर घ्यायचे, स्टेशनावर लिंबाखालच्या बाकावर एखादा म्हातारा हेरायचे आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारायचे, "काका, कुठं जायलाव?"

"नांदेडला."

"अन् त्याच्या पुढं?"

"पुढं मुदखेड."

"मुदखेडच्याही पुढं शेवटी आपल्याला कुठं जायचंय, याचा विचार केलाय का कवा?"

म्हातारा डोळे मिटून विचार करायचा. "उमरी... धर्माबाद... बासर... निजामाबादला माझा साडू हाय बगा. पर आता तिकडं कोण जातंय? गुडघे लय दुखायलेत." मी फ्रॉकचा कोपरा तोंडात कोंबून हसू दाबायची. बाबांना त्याचं काहीच वाटत नसे. ते गुडघ्यांची चौकशी करायचे, गुडघ्यांवरून दुखणाऱ्या जिवावर यायचे, तिथून प्रभूवर. आणि तेवढ्यात सिग्नल पडायचा. घरी आल्यावर बाबा समाधानानं म्हणायचे, "आज एक बी पडलं." आई चुलीपासून विचारायची, "कुठं, निजामाबादला का?"

आमचं घर शाळेच्या मागं, रुळांना लागून होतं. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं पडवी, पडवीत एक बाज. मालगाडी गेली की फळीवरची भांडी थरथरायची आणि आईची एक म्हातारी कोंबडी दर वेळी, जणू पहिल्यांदाच गाडी बघितल्यासारखी, ओरडत अंगणभर पळायची. सकाळी मला जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं आणि लगेच त्यावर बाबांच्या पेटीच्या आवाजानं. पेटीचा एक सूर बसलेला होता. तो आला की बाबा तो गळ्यानं भरून काढायचे, आणि गळ्यातलाही तोच सूर बसलेला असायचा. गीत झालं की बाबा शास्त्रातला उतारा वाचायचे आणि मग प्रार्थना. बाबांची प्रार्थना मालगाडीइतकी लांब. देशाचे पुढारी झाले, शाळेचे इन्स्पेक्टर झाले, पाऊसपाणी झालं. आता गार्डाचा डबा आला असं वाटून आई एक डोळा उघडून तव्याकडं बघायची, तर मागून आजारी, प्रवासी आणि तुरुंगातले कैदी यांचे डबे येतच असायचे. शेवटी ती ठणठणीत आवाजात "आमेन" म्हणायची.

"अजून संपली नव्हती," बाबा म्हणायचे.

"देवाला कळलं सगळं. भाकरी करपायलीय."

मग ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर करडईच्या तेलाची धार आणि शेंगदाण्याची चटणी. रविवारी धपाटे. दुष्काळ सरून वर्षं झाली नव्हती फार. त्या काळात आईनं धपाटे थापताना पिठात कशाकशाची भर घातली होती ते ती कधी सांगत नसे. अजून आमच्या घरी सूनबाईनं धपाटे केले की घासाआधी माझ्या तोंडून मोठ्यानं "आमेन" निघतं आणि नातवंडं एकमेकांना कोपरानं ढोसतात. त्यांना वाटतं आजी भाविक आहे. मला फक्त भूक लागलेली असते.

आई साक्षबिक्ष देत नसे. लग्नाआधी तिनं जालन्याच्या मिशन दवाखान्यात काम केलं होतं, त्यामुळं गळू फोडणं, जखम धुणं, मोडलेलं हाड कामट्यांत बांधणं, अडलेल्या बाईला मोकळं करणं हे तिला येत असे. चुडाव्यात डॉक्टर नव्हता. धनगरांच्या बाया, बौद्धांच्या बाया, मालकांच्या घरच्या बाया, सगळ्या आमच्या पडवीत येऊन बसायच्या आणि आई सगळ्यांना सारख्याच मायेनं झापायची. "आता ओरडायलीस, इतके दिवस काय त्याला नैवेद्य दाखवत होतीस? पाय इकडं कर!" अशा वेळी बाबा आतून छापील पत्रिका घेऊन बाहेर यायचे. त्यांना वाटायचं, दुखणं आहे, मन मऊ झालेलं आहे, हीच वेळ. आई वर न बघता म्हणायची, "जरा सबूर करा. आधी मला पू काढू द्या, मग तुमी पाप काढा." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. बाबा पत्रिका पाठीमागं धरून परत आत जायचे.

इतक्या वर्षांत बाबांच्या बोलण्यानं चुडाव्यातलं एकही माणूस जागचं हललं नव्हतं, आणि अचानक देवराव हलले. देवराव म्हणजे रुळांच्या पलीकडच्या सगळ्या काळ्या रानाचे मालक. अंगानं आडवे, मिशा जाड, राग नाकावर. त्यांच्यापुढं गावात कुणी मोठ्यानं खोकत नसे. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझ्याच वयाचा, आदल्या पावसाळ्यात तापानं गेला होता. तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. एकदा दिवेलागणीला बाबा पडवीत मोठ्यानं वाचत बसले असताना ते रस्त्यानं चालले होते, ते कुडापाशी थांबले. बाबांनी वाचन थांबवलं तर म्हणाले, "बंद कामून केलं? वाचा की." आत येऊन बाजेवर बसले आणि बघता बघता घोरायला लागले. बाबांचे डोळे भरून आले. "पाह्यलंस? शांती मिळाली त्यांना," ते आईला हळूच म्हणाले.

"तुमच्या वाचनानं शाळेतली पोरंबी झोपतात," आई म्हणाली, "ती काय सगळी तरली?"

पण देवराव पुढच्या रविवारीही आले, आणि त्याच्या पुढच्याही. पडवीतली ती बाज त्यांचीच झाली. हळूहळू ते जागे राहून ऐकू लागले. प्रश्न विचारू लागले. एकदा बाबा ख्रिस्ताच्या मरणाची हकीकत सांगत होते, तर देवरावांनी मध्येच विचारलं, "म्हंजे त्या देवाचाबी एकुलता एकच होता?" बाबा म्हणाले, "होय." देवरावांनी बाजेची सुटलेली सुतळी ओढून घट्ट केली. मग म्हणाले, "मग त्याला कळत असंल." आई दारात उभी राहून तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि त्या दिवशी तिनं बाबांची काहीच थट्टा केली नाही.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी देवराव म्हणाले, "मास्तर, मला तुमचं ते पाणी घ्यायचंय." म्हणजे बाप्तिस्मा. बाबा एकदम उठून अंगणात गेले, रांजणाला फेरी मारून परत आले आणि म्हणाले, "काय म्हणालात?" ठरलं असं, की नाताळला नांदेडचे पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आमच्याकडं येतील आणि तेव्हाच विधी होईल. दोन दिवसांत ते गावभर झालं. कुणी रागावलं असेल तर ते देवरावांच्या तोंडावर बोलण्याची छाती कुणाची नव्हती. बहुतेकांना एकच काळजी पडली होती. पारावर म्हातारे एकमेकांना विचारायचे, "देवराव किरिस्ताव झाले, तर सप्त्याची शेवटची पंगत कोण देणार?" बाबा स्टेशनावरून येताना आता जरा छाती काढून चालायचे. आई म्हणायची, "वाकून या, पत्रा लागंल."

ते झालं नाताळाला थोडेच दिवस राहिले असताना. हरभरा घाट्यावर आला होता. बाबा आणि मी ऊन कलल्यावर स्टेशनावरून रुळांच्या उंच भरावाच्या कडेकडेनं घरी येत होतो. देवरावांच्या रानात शेळ्या शिरलेल्या वरून दिसत होत्या. शेळ्या बिराजीच्या. बिराजी धनगर, लुकडा, अबोल माणूस. गावाच्या कडेला त्याचं पाल होतं. तो त्यांना हाकलत बाहेर काढत होता आणि देवराव बांधावरून काठी घेऊन येत होते. बिराजी हात जोडून म्हणाला, "मालक, चुकलं. शेळ्या हुकल्या. भरून देतो." आम्हाला ते स्वच्छ ऐकू आलं. देवराव जवळ आले. त्यांनी काठी घातली. बिराजी बसला. त्यानं डोक्यावर हात धरला, तर त्या हातावर दुसरी घातली, आणि मोडल्याचा आवाज वर रुळांपर्यंत आला. बाबा ओरडले, "देवराव!"

देवरावांनी वर पाहिलं. बाबांना पाहिलं, मला पाहिलं. काठी टाकली आणि बांधाबांधानं निघून गेले.

बिराजीला आम्ही घरी आणलं. एरवी स्टेशनापासून घरापर्यंत बाबांचं तोंड कधी बंद नसे. त्या दिवशी त्यांनी एक शब्द उच्चारला नाही. आईनं हात बघितला आणि कामट्या, फडकी काढली. "कशानं झालं?"

"पडलो, बाई," बिराजी म्हणाला.

तेवढ्यात त्याची बायको सखूबाई धापा टाकत आली. ती नवऱ्याच्या दुप्पट बोलायची आणि कुणाला भ्यायची नाही. "पडले न्हाईत, पाडलं! मला गुराख्यांनी सांगितलं. मास्तरानं पाह्यलंय, पोरीनंबी पाह्यलंय. इचारा!"

आईनं बाबांकडं पाहिलं. बाबा म्हणाले, "आधी हात बघ."

दुसऱ्या दिवशी आईनं त्या दोघांना नांदेडच्या दवाखान्यात पाठवलं. प्लास्टर झालं, पण हाड थोडं वाकडं जुळणार असं डॉक्टर म्हणाला. बिराजी गप्प बसला असता. मालकाच्या रानात चारायचं, उद्या शेळ्या कुठं न्यायच्या, हेच त्याचं म्हणणं. सखूबाई मात्र परत येताना चुडाव्याला उतरली नाही, तशीच पुढं पूर्ण्याला जाऊन पोलिसांत सांगून आली. फौजदार चावडीवर येऊन बयान घेणार, असा निरोप आला. मालकाविरुद्ध गुराखी तोंड उघडणार नव्हते, म्हणून पाहणारे म्हणून तिनं एकच नाव सांगितलं होतं, बाबांचं.

मग आमच्या घराची घडीच बिघडली. सकाळी पेटी वाजेना. प्रार्थना तर अशी झाली, की मालगाडीचं नुसतं इंजिनच जाऊन यावं. पहिल्या दिवशी "आमेन" ऐकून आईनं दचकून वर पाहिलं. पीठ अजून परातीतच होतं. शाळेतही बाबा पोरांना गणितं घालून खिडकीतून बाहेर बघत बसायचे. मला वाटलं, हे आजारी पडणार. लहान मुलांना मोठ्यांच्या भांडणाची भीती वाटते म्हणतात. मला त्या गप्प बसण्याची वाटली.

रविवारी देवराव आले. नेहमीसारखे बाजेवर बसले, पण डोक्यावरचा पटका उतरवला नाही. बाबांनी पुस्तक उघडलं आणि पानं चाळत राहिले. देवराव म्हणाले, "मास्तर, मी खरं सांगतो, मला काय झालं ते माझं मलाच कळलं न्हाई. त्या दिवशी सकाळी पोराचं दप्तर सापडलं होतं माळ्यावर." मग म्हणाले, "बिराजीला मी काय लागंल ते बघीन. पण चावडीवर माझी इज्जत जाईल. तुमी फक्त येवढंच म्हणा, लांबून नीट दिसलं न्हाई. नाताळ आलाय. मला ते पाणी घेऊन मोकळं व्हायचंय." ते धमकी देत नव्हते. त्यांनी दम दिला असता तर बाबांना सोपं गेलं असतं.

देवराव गेल्यावर बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. "एक जीव दारापर्यंत आलाय," ते म्हणाले. "मी बोललो, तर तो माघारी फिरंल. हात काय, आज ना उद्या जुळून येईल. पण त्याचा आत्मा? त्याचा जाब देव मलाच विचारणार ना?"

आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "अहो, स्वर्ग कुणी पाह्यला न्हाई, त्याची साक्ष तुमी सगळ्या स्टेशनाला देत फिरता. अन् हरभऱ्याच्या रानातलं डोळ्यांनी पाह्यलं, त्याचीच साक्ष घशात कामून अडकली?"

बाबा ताडकन उठले. मी त्यांना आईवर इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तुला सगळ्याची थट्टाच सुचते!" म्हणून ते बाहेर गेले. आईनं भाकरी उलटली, पण ती फुगली तरी आईचं लक्ष नव्हतं, आणि या वेळी भाकरी खरोखरच करपली. मला जेवायला वाढताना ती एवढंच म्हणाली, "मी थट्टा करत नव्हते गं." बाबांचं ताट तिनं झाकून ठेवलं. ते संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं.

फौजदार आले त्या दिवशी शाळा दुपारनंतर सुटलेलीच होती, कारण पोरं, पोरांचे बाप आणि शाळेचा शिपाई असे सगळे चावडीपुढं जमले होते. देवराव भिंतीला टेकून खुर्चीवर, बिराजी गळ्यात हात अडकवून खाली, त्याच्या शेजारी सखूबाई. बाबा येतील की नाही यावर माणसांत कुजबुज चालली होती. आई आणि मी बायांच्या घोळक्यात उभ्या होतो. बाबा आले. धुतलेला सदरा, काळी टोपी. फौजदारांना बाबा चांगले ठाऊक होते. पूर्ण्याच्या फलाटावर कधीतरी त्यांनाही 'त्याच्या पुढं कुठं' हा प्रश्न विचारून झाला होता. ते म्हणाले, "मास्तर, बयान थोडक्यात द्या बरं का. मला रात्रीच्या आत परत जायचंय." लोक हसले. बाबांनाही हसू आलं असतं एरवी.

"काय पाह्यलं तुमी?"

"बिराजी हात जोडून चुकलं म्हणत होता. देवरावांनी त्याला काठीनं मारलं. दुसरा फटका हातावर बसला, त्यानं हात मोडला."

सगळे पुढचं ऐकायला थांबले. पुढचं काही आलंच नाही. जमादार लिहायचा थांबून वर बघू लागला. फौजदार म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच."

"तुमची अन् देवरावांची काही दुश्मनी?"

"न्हाई," बाबा म्हणाले. "दोस्ती हाय. म्हणून तर यायला एवढे दिवस लागले."

माझ्या शेजारी एक बाई आईला म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्या मास्तरांना येवढं कमी बोलता येतं?" आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की माझ्या बांगड्या रुतत होत्या. देवराव उठले, धोतराचा सोगा हातात घेतला आणि बाबांच्या अंगावरून, त्यांच्याकडं न बघता, निघून गेले.

नाताळला पाळकसाहेब नांदेडहून आले. विधी होणार नाही असा निरोप बाबांनी धाडला नव्हता. त्यांच्या हातून ते झालं नाही. पाळकसाहेबांनी पांढरा झगा आणि बाप्तिस्म्याचं पितळी पात्र आणलं होतं. "सलाम, सलाम!" ते आमच्यातल्या रिवाजानं म्हणाले. "कुठं आहेत आपले नवे बंधू?" बाबांनी त्यांना अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. पाळकसाहेब भले होते, पण त्यांचाही चेहरा पडला. पूर्ण्याहून रेल्वेतली काही ख्रिस्ती कुटुंबं आली होती. आईनं वर-खाली निखारे ठेवून रव्याचा केक केला होता आणि तो एका बाजूनं काळा, एका बाजूनं कच्चा झाला होता. पडवीतली देवरावांची बाज कुणी सांगितलं नसताना सगळ्यांनी मोकळी सोडली. गीत म्हणताना बाबांचा गळा बसक्या सुराची जागा आली तेव्हाही गप्पच राहिला.

उपासना संपत आली आणि अंगणात शेळ्या ओरडल्या. बिराजी आणि सखूबाई. सखूबाईच्या हातात शेळीच्या दुधाचा तांब्या होता. आईनं त्यांना आत घेतलं, करंज्या दिल्या, केकची बरी बाजू दिली. बिराजीनं डाव्या हातानं सगळं निवांत खाल्लं, मिशा पुसल्या, आणि जो माणूस कधी बोलत नसे तो बोलला. "मास्तर, आमचा बिरोबा हाय. आमी काय तुमच्यात यायचो न्हाई, ते आधीच सांगतो. पर तुमी स्टेशनावर सगळ्यांना काय सांगत असता, ते मला कवा सांगितलंच न्हाई. आता सांगा. खरं बोलणाऱ्याचं ऐकून तर घ्यावं माणसानं."

बाबांच्या उभ्या आयुष्यात कुणी आपण होऊन त्यांना सांगा म्हटलं नव्हतं. अंगण भरलेलं, पाळकसाहेब समोर, श्रोता तयार. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. ते नुसते बिराजीच्या प्लास्टरवर हात ठेवून बसून राहिले. अखेर सखूबाईच म्हणाली, "राहू द्या, सवडीनं सांगा," आणि आईनं चहा टाकला.

त्यानंतरचे महिने सुखाचे नव्हते. देवरावांच्या घरून येणारं दूध बंद झालं, त्यांच्या घरच्या बाया आईकडं यायच्या थांबल्या. देवरावांनी कुणाला काही सांगितलं नसेल, पण त्यांची मर्जी राखणारे होतेच. त्यांनी वर बोलून उन्हाळ्यात बाबांची बदली चारठाण्याला करवली, असं लोक म्हणायचे. खरंखोटं मला ठाऊक नाही. परभणीच्या कोर्टात केस उभी राहिली तेव्हा मात्र सगळ्यांना चकित करणारं एक घडलं. वकिलानं शिकवलेलं बाजूला ठेवून देवरावांनी "मारलं" म्हणून कबूल केलं. दंड झाला, प्रकरण मिटलं. बाबांना हे कळलं, तेव्हा ते आईला म्हणाले, "बघ, अजून आशा हाय." आई म्हणाली, "कशाची? पाण्याची का माणसाची?" देवरावांनी बाप्तिस्मा कधी घेतला नाही. त्यांच्या आत काय झालं ते त्यांचं त्यांना आणि देवाला ठाऊक. मी म्हातारपणी एवढंच शिकले आहे, की दुसऱ्याच्या आतल्या खोलीची किल्ली आपल्याकडं नसते.

आम्ही चुडावा सोडला त्या सकाळी गावातलं फारसं कुणी येणार नाही असं आई गृहीत धरून होती. बिराजी आणि सखूबाई आले. भांड्यांचं गाठोडं सखूबाईनं घेतलं. बाबांच्या पुस्तकांची लोखंडी पेटी फार जड. ती फलाटापर्यंत आणताना बिराजीनं दोनदा खाली ठेवून हात चोळला. प्लास्टर कधीच निघालं होतं, पण मनगटाच्या वर हाड बाकदार राहिलं होतं. पूर्ण्याकडं जाणारी गाडी येऊन थांबली. बिराजीनं पेटी उचलायला पुन्हा वाकून हात घातला, तोच मागून कुणीतरी म्हणालं, "तू सोड."

देवराव होते. केव्हा येऊन उभे राहिले, कुणी पाहिलं नव्हतं. बिराजी घाबरून सरळ झाला. "ऱ्हाऊ द्या मालक, मी—"

"सोड म्हणलं ना. त्या हातानं उचलू नगंस." त्यांनी पटका नीट केला, पेटी एका हिसड्यात डोक्यावर घेतली आणि सगळ्या स्टेशनादेखत, हमालासारखी, आमच्या डब्यात नेऊन ठेवली. खाली उतरून त्यांनी बाबांना हात जोडले. बाबांनी जोडले. मग देवराव बिराजीच्या बाजूला जाऊन उभे राहिले, अंतर राखून, पण त्याच्याच बाजूला.

बाबा खिडकीपाशी बसून बाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. आईनं विचारलं, "आता रडायला काय झालं?"

"रडतोय कुठं? इंजिनाचा कोळसा गेला डोळ्यात."

गाडी अजून सुटायची होती. आईनं पदराचा शेव ओला केला आणि त्यांच्या हातात दिला.